त्या बाजूचा समुद्र

वसईतल्या आपल्या पापडी गावात ज्यांनी ज्यांनी माझ्या हृदयासाठी प्रार्थना केल्या, त्यांना आधी एक सांगून टाकतो. माझ्या हृदयाला कधीच काही झालेलं नव्हतं. ऑपरेशनपर्यंत आलेलं दुखणं प्रार्थनेने टळलं असं तुम्ही मानता; पण दुखणंच नव्हतं. चर्चमधली मिस्सा संपवून बाहेर पडताना तुम्ही अजूनही माझा हात धरून "आता कसं वाटतं?" असं विचारता आणि मी "देवाची कृपा" म्हणून पुढे सरकतो. हे मी वर्षानुवर्षं केलं. सांगणं टाळायचे सगळे रस्ते मला पाठ आहेत. आज सण आहे, आज पाहुणे आहेत, आज त्यालाच बरं नाही. आता ज्याला सांगायचं होतं तो माझा धाकटा भाऊ पास्कू मातीआड गेला, आणि मी केलेल्या गोष्टीचा बोल माझ्या मुलाला लागतो आहे. म्हणून लिहितो. इथे राहिलेल्यांसाठी लिहितो, आणि माझ्यासारखे कॅनडा-ऑस्ट्रेलियाला गेलेले जे आहेत त्यांच्यासाठीही. मागे राहिलेल्या भावाचा हेवा कसा वाटतो, हे त्यांना तरी फोड करून सांगावं लागणार नाही.

मी गाव सोडलं ते बँडच्या गाडीतून. पास्कू लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. त्या बँडची एक डिझेल मिनीबस होती. तिच्या मागच्या दारावर लाल कोटातला एक ट्रम्पेटवाला रंगवलेला, गाल फुगवून फुंकणारा. विमानतळावर जायला टॅक्सी सांगतो म्हटलं तर पास्कू म्हणाला, "टॅक्सी कशाला, दादा? नवरदेवासारका जा." माझी बायको रीटा, तिच्या कडेवर आमचा लहानगा नील, आमच्या बॅगा, एक ढोल आणि सगळे बँडवाले, असे आम्ही त्या गाडीत कोंबले गेलो. आई अंगणात उभी होती. तिने अंगठ्याने माझ्या कपाळावर क्रूस काढला, विहिरीच्या पाण्याने भरलेला तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "जाशील तितलं पानी पी. आमच्या पान्याची आटवन काडू नको, नाय तर तितलं पचनार नाय."

गाडी सुरू झाली आणि बँडवाल्यांनी वाजवायला घेतलं. तळ्याच्या काठाने जाताना लोक दारात येऊन हात हलवत होते. त्या दिवशी सगळा गाव माझा हेवा करत होता. आणि मी पुढच्या सीटवर बसून पास्कूचा हेवा करत होतो, कारण मला सोडून तो परत येणार होता आणि आईने झाकून ठेवलेलं जेवण जेवणार होता.

आईचं म्हणणं मी जरा जास्तच पाळलं. टोरोंटोजवळ मिसिसागात मला बिस्किटांच्या कारखान्यात नोकरी लागली. आधी पॅकिंगला, मग शिफ्ट सुपरवायझर. तिथलं पाणी प्यालो आणि इथलं विसरायला लागलो. आमच्याकडे पाण्याला पानी म्हणतात, कोणाला कोन. तिकडच्या मराठी मंडळाच्या पहिल्याच जेवणात मी "जरा पानी द्या" म्हणालो. वाढणाऱ्या बाई हसल्या. वाईट हसल्या नाहीत, लहान मुलाच्या बोबड्या बोलाला हसावं तशा हसल्या. पण दुसऱ्या दिवसापासून मी कामावर जाताना गाडीच्या काचा वर करून घोकायला लागलो: पाणी, लोणी, कोण, आपण. स्नोने पांढऱ्या झालेल्या रस्त्यावर एक माणूस एकटाच 'ण' म्हणत चालला आहे, हे आज आठवलं की हसू येतं. तेव्हा हसण्यासारखं वाटलं नाही. नीलशी तर आम्ही इंग्रजीच बोलायचो. 'पानी'ही नको आणि 'पाणी'ही नको, सरळ वॉटर.

उन्हाळा आला की आमच्या गल्लीतले शेजारी ड्राइव्हवेत कॅम्पर काढून धुवायला घ्यायचे. आत झोपायला बाक, गॅस, पाण्याची टाकी, खिडकीला पडदे. घर उचलायचं आणि निघायचं. नील त्यांच्या चाकांजवळ जाऊन उभा राहायचा. मी त्याला शब्द दिला होता की एका समरमध्ये आपणही कॅम्पर घ्यायची आणि सगळा देश ओलांडून पॅसिफिकच्या काठापर्यंत जायचं. फ्रिजवर नकाशा लावला होता. रीटाने त्यावर लाल पेनने रस्ता काढला होता. मग ओव्हरटाइम आला, मग घराची दुरुस्ती आली, मग रीटाचं आजारपण आलं. ती गेली तेव्हा नील मोठा झालेला होता. तो नकाशा फ्रिजवरून कधी उतरला, हे मला सांगता येणार नाही.

इकडे वसईत लग्नांना डीजे आले आणि बँड बसला. ती मिनीबस आमच्या केळीच्या वाडीत फणसाखाली येऊन उभी राहिली. एके दिवशी पास्कूने मला फोनवर तिचा फोटो पाठवला. आत दोन बाक ठोकलेले, शेगडी बसवलेली, टपावर निळा ड्रम बांधलेला. खिडक्यांना त्याच्या बायकोच्या, सेलिनच्या, जुन्या साड्यांचे पडदे. गाडी चालवायच्या जागेसमोर मारिया माउलीची वीतभर मूर्ती चिकटवलेली. ट्रम्पेटवाला मात्र त्याने पुसला नव्हता.

"काय करणार आहेस तिचं?" मी विचारलं.

"त्या बाजूचा समुद्र बगायचाय," तो म्हणाला.

हे आमच्या लहानपणातलं आहे. राजोडीच्या किनाऱ्यावर आम्ही दोघं बाबांबरोबर जायचो. आमच्या समुद्रात सूर्य बुडतो. दुसरं काही त्याला येतच नाही. पास्कूने एकदा विचारलं होतं, "हा रोज बुडतो, मंग निगतो कुटनं?" बाबा म्हणाले, "त्या बाजूला पन समुद्र हाय. तितनं." मी ते शाळेत भूगोल म्हणून शिकलो आणि विसरलो. पास्कूने ते मनात धरून ठेवलं. सूर्य पाण्यातून निघताना एकदा बघायचा, तोही देश ओलांडून, या पाण्यापासून त्या पाण्यापर्यंत स्वतः गाडी हाकत, एवढीच त्याची इच्छा होती. माझ्या माहितीत त्याने स्वतःसाठी दुसरं काही मागितलेलं नाही.

अडचण त्याच्या डोळ्यांची होती. समोरून दिवे आले की त्याला काही दिसत नसे, त्यामुळे दुसरा ड्रायव्हर हवा होता. सेलिनने आधीच हात झटकले होते. "त्या डबड्यात मी नाय बसनार. मला माजा संडास बरा."

त्याच सुमारास नीलची नोकरी सुटली. रीटा गेल्यापासून तो घरात फार बोलतही नव्हता. "थोडे दिवस काकाकडे जाऊन येतो," म्हणाला. मी म्हटलं जा. गेला, आणि तिकडून फोन आला तो वसईजवळच्या चांदीप गावाच्या रस्त्यावरून. पास्कू त्याला भाताच्या शेतांमधून गिअरची गाडी शिकवत होता. मागून पास्कूचा ओरडा ऐकू येत होता, "क्लच! क्लच दाब रं, कॅनडा!"

ते दोघं आधी वर गुजरात-राजस्थानात गेले, मग उजवीकडे वळून मध्य प्रदेश, छत्तीसगड असे उतरत निघाले. गाडी चाळिसाच्या वर पळत नसे. रोज माझ्या फोनवर फोटो आणि व्हिडिओ यायचे, आणि मी बिस्किटांच्या वासाने भरलेल्या कँटीनमध्ये बसून ते बघायचो. गाडीत दोरीला सुके बोंबील टांगलेले. राजस्थानात एका गावात लोकांनी त्या वासावरून गाडी वेशीबाहेर लावायला सांगितली, तेव्हा पास्कू त्यांना हात जोडून म्हणत होता, "भाईसाब, ये हमारा देसी अगरबत्ती है." नील हसत होता. माझा मुलगा तोंड उघडून हसतो हे मला माहीत नव्हतं. त्याच्या अंगात पास्कूची बनियन होती. हाताला काळं ग्रीस लागलेलं होतं आणि त्याच हाताने तो काटे काढून मासा खात होता. घरी त्याला मी कितीदा म्हटलं असेल, हाताने खा, चव लागते. तो फोर्क शोधायचा.

जबलपूरच्या अलीकडे त्या ट्रम्पेटवाल्याच्या चित्राने घोटाळा केला. एका लग्नघरच्या लोकांना वाटलं, आपला ठरवलेला बँड शेवटी आला एकदाचा. खरा बँड कुठेतरी अडकला होता. पास्कूने गैरसमज दूर केला नाही. बाकाखालून क्लॅरिनेट काढली, नीलच्या गळ्यात कोणाचा तरी ढोल अडकवला, आणि दोघांनी नवरदेवाला मांडवापर्यंत पोचवलं. तो व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. नील लहान असताना मी त्याला दर शनिवारी पियानोच्या क्लासला घेऊन जायचो आणि बाहेर गाडीत बसून राहायचो. त्याने पियानो सोडला. ढोल मात्र तो असा बडवत होता की मांडवातल्या म्हाताऱ्या नाचायला लागल्या. पास्कू वाजवता वाजवता त्याच्याकडे बघत होता, बाप मुलाकडे बघतो तसा. मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि कामावर गेलो.

लोक समजतात की गेलेला माणूस सुखी आणि राहिलेला माणूस हेवा करणारा. आमच्या घरात उलटं होतं. आई त्याच्या वाट्याला आली, तिचं म्हातारपण, तिचे शेवटचे शब्द. विहीर त्याच्या वाट्याला आली, वाडी आली, गावातली प्रत्येक ओळख आली. मला वाटायचं, असू दे, माझ्याकडे नील आहे. आणि आता तोही त्या गाडीत बसून चालला होता, मी कबूल केलेल्या प्रवासाला, फक्त देश वेगळा आणि समुद्र वेगळा.

ओडिशात शिरल्यावर नीलचा फोन आला. "डॅड, एक मिनिट होल्ड कर, टाकीत पानी भरतोय."

"पाणी," मी म्हणालो.

"व्हॉट?"

"पाणी म्हणायचं. ण."

तो हसला. "काका पानीच म्हणतो. आणि काका म्हणाला, तू पण आधी पानीच म्हणायचास."

मागून पास्कू ओरडला, "दादा, तुजा पोरगा आता आमचा झाला बग! परत नाय देनार!"

थट्टाच होती. आमच्याकडे कोणाचंही मूल मांडीवर घेतलं की लोक असंच म्हणतात. पण त्यानंतर नील जे म्हणाला ती थट्टा नव्हती. परत आल्यावर आणखी काही महिने वाडीत राहायचा त्याचा विचार होता. कदाचित जास्तही. "आय लाइक इट हिअर, डॅड. मला इथे बरं वाटतं." आणि मग त्याने मला पास्कूचं एक वाक्य ऐकवलं, काहीतरी नवीन शिकल्याच्या आनंदात. डिझेल गाडीची टाकी कधी कोरडी पडू द्यायची नाही. एकदा नळीत एअर धरली की गाडी रुसते, मग नुसतं डिझेल ओतून चालत नाही, आधी आतली हवा काढावी लागते. हे ऐकताना मी आमच्या स्वच्छ, रिकाम्या किचनमध्ये उभा होतो.

दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन करून सांगितलं की माझ्या छातीत दुखतंय. डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन करायला सांगितलंय. तू ये.

मी हे ठरवून म्हणालो. तोंडातून निसटलं वगैरे काही नाही.

पास्कूने गाडी भुवनेश्वरच्या विमानतळाकडे वळवली. आत जाण्याआधी नीलच त्याला म्हणाला, "काका, समुद्र इथून अगदी जवळ आहे. तू तरी जा. उद्या सकाळी बघ आणि मला फोटो पाठव." खरंच, पुरीचा किनारा तिथून दोन तासांवरही नसेल, त्या गाडीतूनसुद्धा. पास्कूने मान हलवली. "आता नाय. मी बोललोय."

"कोणाशी?"

त्याने गाडीतल्या मूर्तीकडे बोट दाखवलं. "माउलीला बोललोय. दादाला वाचव, मी त्या बाजूचा समुद्र बगनार नाय. कवाच नाय."

आमच्या लोकांना हे समजेल. आपल्याकडे कोणी मासे सोडतं, कोणी दारू सोडतं, कोणी अनवाणी चालत जातं. जे आवडतं ते माउलीच्या पायाशी ठेवायचं आणि मग परत मागायचं नाही. पास्कूकडे ठेवण्यासारखं एकच होतं.

टोरोंटोच्या विमानतळावर मी नीलला घ्यायला गेलो, इस्त्रीचा कोट घालून, स्वतः गाडी चालवत. त्याने मला बघितलं आणि त्याची पावलं थांबली. घरी येईपर्यंत त्याने मला विमानतळावरची ती नवसाची गोष्ट सांगितली, माझ्याकडे न बघता. सांगून झाल्यावर विचारलं, "कुठलं हॉस्पिटल, डॅड?" मी ड्राइव्हवेत गाडी बंद केली. मग त्याला सगळं सांगितलं.

त्याने सीटबेल्ट काढला. मग म्हणाला, "एकटं वाटतंय एवढं म्हणाला असतास, तरी आलो असतो." आणि लगेच फोन माझ्या हातात दिला. "काकाला फोन कर. आत्ता. मी पोचल्याचं कळेपर्यंत तो तिथून हलणार नाही, विमानतळाबाहेरच थांबलाय. त्याला सांग, तुला काही झालेलं नाही. नवस मोडत नाही मग. उद्या सकाळी तो समुद्रावर असेल."

मी यापुढच्या प्रसंगाबद्दल लिहिणार नव्हतो. छातीत दुखण्याचं खोटं लिहायचं आणि थांबायचं, असं ठरवलं होतं. पण खोटं बोलण्यापेक्षा मोठी गोष्ट ही आहे.

मी फोन लावला. पहिल्याच रिंगला पास्कूने उचलला. "दादा! कसा हायस?"

"बरा आहे," मी म्हणालो. "नील पोचला. आता तू नीघ."

"डाक्टर काय बोलला?"

"औषधाने भागेल म्हणाला. कापायला नको."

पलीकडे तो रडायला लागला. एवढा मोठा माणूस, रस्त्याच्या कडेला गाडी लावून रडत होता. "माउली पावली," म्हणाला. "पावली रं माउली." मग नाक शिंकरून म्हणाला, "चल, मी निगतो घरला."

तेव्हा एका वाक्याने तो समुद्र त्याला मिळाला असता. ते वाक्य मी का म्हटलं नाही, याची कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. लाज वाटली. नील परत जाईल अशी भीती वाटली. ही दोन्ही खरी आहेत. पण तिसरंही आहे, आणि तेच मला झोपू देत नाही. सगळं त्याला मिळालं होतं, हे एक मिळू नये, असं मला वाटलं.

पास्कू फक्त दिवसाउजेडी गाडी हाकत एकटा सगळा देश ओलांडून परत आला. गावात आल्यावर चर्चमध्ये फादरना सांगून त्याने आभाराची मिस्सा करवली आणि भेटेल त्याला माझ्या हृदयाची गोष्ट ऐकवली. गाडी फणसाखाली लावली. नीलला मी हात जोडले होते, काकाला सांगू नकोस. तो म्हणाला, "मग मी काकाशी बोलूच शकत नाही. मी बोललो की सांगणार." आणि तो बोलला नाही. पास्कूचे फोन यायचे, तो उचलायचा नाही. पुढे तो व्हँकूव्हरला गेला, पॅसिफिकच्या काठावर, एकटा, विमानाने. पास्कू मला विचारायचा, "पोरगा रागावला काय रं माज्यावर?" मी म्हणायचो, कामात असतो. आणि दर फोनच्या शेवटी तो विचारायचा, "छाती काय बोलते?" दर हिवाळ्यात वसईहून येणाऱ्या कोणाच्या तरी बॅगेत माझ्यासाठी सुकेळी यायची. आमच्या वाडीतली केळी, उन्हात सुकवून पानात बांधलेली. हृदयाला चांगली असतात, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं.

एकदा मी खास सांगायचं म्हणून आलो. पहिल्याच जेवणाला सेलिन माशाचं कालवण वाढता वाढता म्हणाली, "दादा, तुमच्यापायी ह्यांनी तो समुद्र सोडला. मी बोलले, केलंत ते बरं केलंत." पास्कू लाजल्यासारखा हसला. आयुष्यातली सर्वात मोठी गोष्ट केल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर होतं. मी खरं बोललो असतो, तर त्याचा समुद्र गेला होताच, आता त्याची माउलीही गेली असती. असं मी स्वतःला सांगितलं आणि भात कालवला.

रिटायर झाल्यावर मी मिसिसागाचं घर विकून इकडे आलो. वाडीत राहा, असं पास्कू म्हणत होता, पण त्याच्या रोजच्या विचारपुशीत राहणं मला झेपलं नसतं. मी स्टेशनच्या बाजूला नव्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतला. शेजारी सगळे कोकणातले, देशावरचे, नोकरदार. लिफ्टमध्ये एकाने विचारलं, "काका, तुम्ही मूळचे कुठले?" मी म्हटलं, इथलाच. त्याला ते पटलं नाही. बाजारात पाचूबंदरची कोळीण मला विचारते, "साहेब, कुटून आलं?" घोकून घोकून कमावलेला माझा 'ण' तिला परका वाटतो. गावात माझी ओळख आता एकच, पास्कूचा भाऊ, ज्याला माउलीने वाचवलं. घर म्हणजे काय, असं तिकडच्या मंडळात आम्ही भाषणांतून विचारायचो. माझ्यापुरतं सांगतो. ज्या गावात लोक तुमच्या न झालेल्या दुखण्यासाठी गुडघे टेकतात, ते घर. आणि मी त्या घरात उसन्या नावाने राहतो आहे.

पास्कू गेला तेव्हा जुने बँडवाले जमले. कोणाचे दात गेलेले, कोणाचा श्वास पुरत नव्हता, तरी वाजवत नेलं त्याला. रस्ता माणसांनी भरला होता. शवपेटीमागून चालताना माझ्या मनात आलं, माझ्यामागे एवढे येणार नाहीत. मेलेल्या भावाचाही मला हेवा वाटला, हेही एकदा लिहून ठेवतो.

नील व्हँकूव्हरहून आला होता. चर्चमध्ये सगळ्यात मागे उभा राहिला. दफन झाल्यावर अंगणात सेलिन त्याला सगळ्यांसमोर म्हणाली, "एवडा जीव लावला त्यांनी तुला. जाईपर्यंत तुजं नाव घेत होते. एक फोन नाय करावासा वाटला?" नीलने मान खाली घातली. मी शेजारीच उभा होतो. त्याने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मी बोलावं अशी अपेक्षासुद्धा त्याने ठेवलेली नव्हती. त्याच संध्याकाळी तो निघाला. जाताना वाडीत जाऊन गाडीच्या दारावरच्या त्या ट्रम्पेटवाल्याला हात लावून आला.

सेलिन, त्याला बोल लावू नकोस. त्याने फोन केला नाही कारण त्याला पास्कूशी खोटं बोलता येत नव्हतं. मला येत होतं, म्हणून मी करत राहिलो.

आता एकच राहिलं. पास्कूच्या शेवटच्या दिवसांत त्याला दोन्ही डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नव्हतं. एके दुपारी म्हणाला, "दादा, मला येकदा गाडीत बसव." गाडी फणसाखाली उभी राहून राहून कोरडी पडली होती. मेकॅनिकने डिझेल घातलं, पण एअर धरलेली, सुरू होईना. पास्कू खुर्चीत बसून कानाने ऐकत होता. "अजून हवा हाय. अजून काड." शेवटी ती खोकत खोकत सुरू झाली. मी तिला हळूहळू राजोडीला नेली आणि सुरूच्या झाडांखाली, समुद्राकडे तोंड करून लावली.

मी वाक्य तयार करून आणलं होतं. घरी नळ सोडून, आरशासमोर, आमच्या घरच्या बोलीत घोकलं होतं, जसं कधीकाळी 'ण' घोकलं होतं तसं. माज्या छातीत कायबी नव्हतं, पास्कू. मला तुजा हेवा वाटला. मला माफ कर.

"तांबडा झाला काय?" त्याने विचारलं.

"झाला."

"टेकला?"

"टेकतोय."

"त्या बाजूला निगताना असाच दिसत असल, नाय?" मग म्हणाला, "मला वाईट नाय वाटत हां, दादा. तू हायस ना."

मी म्हणालो, "पास्कू, माज्या छातीत..."

त्याचा चेहरा एकदम बदलला. "दुकतंय काय?" चाचपडत त्याने हात पुढे केला आणि माझ्या छातीवर तळवा ठेवला. "बोलू नको. दम घे." तो कान देऊन ऐकावं तसा हात देऊन ऐकत राहिला. माझं हृदय जोरजोरात धडधडत होतं. मग त्याच्या तोंडावर हसू आलं. "चांगला चाललाय रं. मस्त चाललाय." त्याने सीटखाली हात घालून विहिरीच्या पाण्याची बाटली शोधली, झाकण काढलं आणि माझ्या हातात दिली.

"पानी पी," म्हणाला.

वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी पानी प्यालो, आणि ते त्या घोटाबरोबर खाली गेलं.